डिस्कला कूळ लागलं

आमच्या शेजारचे वैजनाथराव दर गुरुवारी दुपारी, जेवण झालं की, आपल्या कॉम्प्युटरला नोटीस बजावतात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. ते खिडकीचा पडदा ओढतात, पंखा बंद करतात, खुर्चीत ताठ बसतात आणि समोर अख्खं गाव जमलं असावं अशा आवाजात म्हणतात, "आज रोजी मोजणी लावण्यात येत आहे. लगतच्या खातेदारांनी हजर राहावं. हरकत असेल तर आत्ता सांगावी, मागून चालणार नाही." एवढं बोलून थोडं थांबतात. कॉम्प्युटर काही बोलत नाही. त्याची हरकत नाही असं धरून ते माऊसचं बटण दाबतात.

मला हे सगळं ऐकू येतं, कारण त्यांची ती खिडकी आणि माझा ओटा यांच्यामध्ये फक्त एक कंपाउंडची भिंत आहे. त्या भिंतीबद्दलही वैजनाथरावांना संशय आहे. पण तो विषय पुढे येईल.

वैजनाथराव मोजणीदार होते. सोनपेठपासून चुडाव्यापर्यंत जिल्ह्यातले बांध त्यांनी उन्हातान्हात तुडवले. ज्या बांधावर उभं राहून त्यांनी दोन सख्ख्या भावांची भांडणं ऐकली नाहीत, असा बांध परभणी जिल्ह्यात बहुधा नसावा. या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे करपलेलं कपाळ आणि दुसरी म्हणजे जगात कुठलीच वस्तू जिथे ठेवली तिथे राहत नाही ही खात्री. "बांध चालतो, मास्तर," ते मला सांगतात. "माणूस झोपला की बांध चालतो." मी जन्मात कोणाला शिकवलं नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. पण ज्याच्या घरात पुस्तकं आहेत तो मास्तर, असा त्यांचा निवाडा आहे आणि त्यांच्या निवाड्यावर अपील नसतं.

बांध चालतो म्हटल्यावर बाकीच्या वस्तूही चालणारच. माझ्या कडुलिंबाची सावली दुपारनंतर त्यांच्या हद्दीत येते, हे त्यांनी मला दोनदा बोलून दाखवलं आहे. साबणाची वडी पूर्वीपेक्षा लहान झाली आहे, असं त्यांना वाटतं, आणि त्यात ते चुकत नसावेत. पेपरवाला मधलं पान काढून घेतो, असंही वाटतं. ते पान उघडून दाखवलं तर म्हणतात, "हे दुसरं असंल."

या संशयातून त्यांचं एक पेटंट वाक्य तयार झालं आहे: "जागा न्हाई." भाजीवालीने ओट्यावर पाटी टेकवली की, "बाई, जागा न्हाई." कोणी कॅलेंडर द्यायला आला, "भिंतीवर जागा न्हाई." एखादा पाहुणा दवाखान्याच्या कामाने आला आणि चहा झाल्यावरही उठेना की वैजनाथराव छताकडे बघत म्हणतात, "आमच्याकडं काय हाय, जागा न्हाई." घर तीन खोल्यांचं, माणसं दोन. त्यातल्या एका खोलीत हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी वैजनाथरावांची लाकडी बाज. ते तिथेच झोपतात. त्या खोलीत कोणाला प्रवेश नाही.

आता, ज्या खोलीत कोणाला प्रवेश नाही आणि दुपारी जिचा पडदा ओढलेला असतो, त्या खोलीबद्दल कॉलनीत काय बोललं जातं हे सांगायला नको. कोणी म्हणे शेअर बाजार. कोणी म्हणे, या वयात पडदा ओढून माणूस काय बघतो ते आम्हाला कळतं. मी असल्या गप्पांत पडत नाही. पण एका गुरुवारी त्यांची वाटी परत करायचं निमित्त काढून मी नेमका नोटिशीच्या वेळेला दारात उभा राहिलो.

वैजनाथरावांनी माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "हरकत घ्यायला आलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, हजर राहायला आलो."

हे उत्तर त्यांना पटलं असावं. त्यांनी मला आत घेतलं. कॉम्प्युटर म्हणजे जुन्या टीव्हीएवढा डबा, वर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शिवलेलं झाकण, खाली घरघरणारी पेटी. पडद्यावर दोन आडवे पट्टे होते, वर एक आणि खाली एक, आणि त्यात रंगीत उभ्या रेघा. मी शेअर बाजाराची आशा सोडली.

"हा वरचा नकाशा आधीचा. हा खालचा नंतरचा," वैजनाथराव म्हणाले. "लाल म्हणजे तुकडे पडलेले. एकाच खातेदाराचं थोडं इथं, थोडं वढ्याच्या पल्याड, थोडं म्हसणवट्याजवळ. निळं म्हणजे एका जागी आलेलं. पांढरी म्हणजे मोकळी जागा. मशीनला एक फाईल काढायची म्हणलं की चार शिवारं हिंडावं लागतं, म्हणून ते दमतं. आपण काय करतो, सगळ्यांचे तुकडे उचलून सलग लावतो. कॉम्प्युटरवाले याला डीफ्रॅग म्हणतेत. आपल्याकडं याला गटवारी म्हणतेत. आमी हेच केलं जिंदगीभर."

खरं सांगायचं तर इतकी स्वच्छ व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. मी मान डोलावली. पण वैजनाथरावांचा चेहरा खुलला नव्हता. त्यांनी मधल्या एका हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आता हे बघा. हे कोण?"

"कोण?"

"तेच मी विचारायलोय. बरोबर मधी बसलंय. गटवारी किती बी लावा, हे हलत न्हाई. इंग्रजीत लिहिलंय, न हलणारं. मला सांगा मास्तर, न हलणारं असं काही असतं का? देऊळ हललंय, खळं हललंय, एकदा तर विहीर हललीय माझ्या देखत. आन् हे हलत न्हाई!"

त्यानंतर बरेच दिवस वैजनाथराव दुसऱ्या कशावर बोलले नाहीत. शेवटी एकदा त्यांनी ती पेटी टॉवेलात गुंडाळली, रिक्षात मांडीवर घेतली, आणि मला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. आम्ही बसस्टँडजवळच्या इम्रानकडे गेलो. इम्रान मोबाइल दुरुस्त करतो आणि जुन्या गिऱ्हाइकांवर दया म्हणून कॉम्प्युटरही उघडतो.

"काका, इसकू अब छुट्टी देव," पेटी बघताच तो म्हणाला. "नवा लॅपटॉप देतूं."

"नवा नको. हे हिरवं कोण हाय ते सांग."

इम्रानने पेटी त्याच्या पडद्याला जोडली, बघितलं आणि हसला. "ये तो स्वॅप फाइल है काका. तुमारी मशीन की मेमरी छोटी. भर गयी की सामान डिस्क पे लाके रखती. काम पडा की उठा लेती. उसकी वो जगा है."

"कोणी दिली जागा?"

"कोई नहीं दिया. वो खुद लेती."

"कधीपासून?"

"जबसे मशीन है तबसे."

वैजनाथराव तिथल्या स्टुलावर बसले. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाणी मागवलं. ते पाणी न पिता माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "कूळ. मास्तर, डिस्कला कूळ लागलं."

ज्यांच्या घरी कधी शेत नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसरा, असं वर्षानुवर्षं चाललं की कायदा कसणाऱ्याची बाजू घेतो. तो कूळ. आमच्याकडे निजामाचं राज्य गेल्यावर कितीतरी मालकांनी अशी झोप उडवून घेतली, आणि वैजनाथरावांच्या नोकरीची उमेदीची वर्षं त्यांचीच गाऱ्हाणी ऐकण्यात गेली. आता तीच वेळ त्यांच्या स्वतःच्या पेटीवर आली होती, आणि कूळ कोण, तर ज्याला नाव नाही, गाव नाही, नोटीस लावायला दार नाही.

इम्रानने उपाय सांगितला. स्वॅप फाईल बंद करायची, मग गटवारी लावायची, मग ती परत चालू करायची, म्हणजे ती एका कडेला नीट बसेल. वैजनाथरावांनी घरी येऊन पहिल्या दोन गोष्टी केल्या. तिसरी केली नाही.

"इम्रान तर म्हणाला होता, परत चालू करा," मी भिंतीवरून म्हणालो.

"निघालेल्या कुळाला परत कब्जा द्यायला मी काय येडा हाय का?"

त्या आठवड्यात ते फार आनंदात होते. हिरवा पट्टा गेला होता. भाजीवालीला त्यांनी ओट्यावर पाटी टेकवू दिली. पण मशीनने अंग टाकायला सुरुवात केली. एक फोटो उघडला की दुसरा उघडेना. मेमरी कमी आहे असा निरोप वारंवार येऊ लागला. मग सगळंच गोठलं. वैजनाथरावांनी आधी विजेवर संशय घेतला, मग इम्रानवर, मग थोडासा माझ्यावर. शेवटी एका सकाळी ओट्यावर येऊन त्यांनी स्वतःच कबुली दिल्यासारखं सांगितलं, "बसवलं परत."

"कुळाला?"

"बसू द्या. कसत होतं तर तेच. आपण नुसतं सातबाऱ्यावर नाव लावून बसलेलो."

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण उन्हाळा संपता संपता मशीनने नवीनच हरकत घेतली. गटवारीला हात हलवायला थोडी मोकळी जागा लागते. ती उरली नाही, आधी जागा करा, असं ते म्हणू लागलं. पुन्हा टॉवेल, पुन्हा रिक्षा, पुन्हा मी.

इम्रानने डिस्क उघडली. त्यात पाच मोठे फोल्डर होते. चारांची नावं पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. पाचव्याचं नाव शुभा.

वैजनाथरावांच्या घराच्या पश्चिमेला कोण राहतं हे आठवायला मला वेळ लागला नाही. इम्रानने पश्चिम उघडलंच. त्यात माझी भिंत होती. सकाळची भिंत, दुपारची भिंत, पावसात भिजलेली भिंत, टेप लावलेली भिंत. एका फोटोत भिंतीवर वाळत घातलेला माझा बनियनही होता.

"ये क्या है काका? दीवार के फोटू?"

"राहू दे," वैजनाथराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुरावा हाय."

ती भिंत मी बांधलेली नाही, घर घेतलं तेव्हापासून ती तशीच आहे. पण आपल्या बनियनचा पुरावा झालेला बघितल्यावर माणसाला एकदम निर्दोष वाटेनासं होतं.

इम्रानने शुभाचं फोल्डर उघडलं. सिनेमाची गाणी, मैत्रिणींचे मेहंदीचे फोटो, कॉलेजचा कसलासा प्रोजेक्ट, पत्त्यांचे खेळ, आणि तीच गाणी पुन्हा दुसऱ्या नावाने. "सबसे जास्ती जगा इसमें है. पुराना कचरा है काका, डिलीट मारतूं."

वैजनाथरावांनी त्याचा हात धरला. रागाने नाही, पण धरला. मग त्यांनी स्वतः वायरी काढल्या आणि पेटी टॉवेलात गुंडाळली. "गटवारीत कुणाची जमीन जात न्हाई," ते म्हणाले. "जागा बदलते. खातं पुसत न्हाईत."

परतताना रिक्षात मी भिंतीचा विचार करत होतो. ते कशाचा करत होते, ते मला संध्याकाळी कळलं. वहिनी कढीपत्ता मागायला भिंतीजवळ आल्या.

"चिडू नका भाऊ, फोटोचं," त्या म्हणाल्या. "त्यांनी आमच्या माहेराच्या माणसांचे बी काढलेत. कोण किती वेळ बसलं ते."

मी शुभाबद्दल विचारलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी आणि कॉम्प्युटर तिच्याच शिक्षणासाठी घेतलेला, एवढं मला माहीत होतं. नांदेडला असते, हेही ऐकून होतो. नांदेड इथून काही लांब नाही, गाड्या दिवसभर असतात. पण आम्ही राहायला आल्यापासून ती आलेली मी कधी बघितली नाही.

"लग्न केलं तिनं तिच्या मनानं," वहिनी कढीपत्त्याची पानं खुडत म्हणाल्या. "पोरगा चांगला हाय, आपल्यातला न्हाई एवढंच. दोघं दारात आले. मी आत पाणी आणायला गेले. हे दारात उभे. आन् काय बोलावं ते सुचलं न्हाई यांना. मग जे रोज बोलतेत तेच बोलले."

"काय?"

"जागा न्हाई."

त्यांनी खुडलेली पानं पदरात घेतली. "भाजीवालीला म्हणतेत, तेच लेकीला म्हणले. भाजीवाली दुसऱ्या दिवशी परत येती, भाऊ. लेक कशी यावी? मी पाणी घेऊन आले तर दारात कोणीच न्हाई. हे म्हणले, मी तसं म्हणलो न्हाई. म्हणलं, मग कसं म्हणलात? तेव्हापासून तिच्या खोलीत बाज टाकलीय, आन् त्या मशीनमधलं इकडचं तिकडं करायलेत. जागा करायलोय म्हणतेत. मी म्हणते, फोन करा. तर म्हणतेत, आधी गटवारी होऊ द्या."

मी कढीपत्त्याची अजून एक डहाळी तोडून दिली. दुसरं काही सुचलं नाही. वेळेवर काही न सुचणं हा आजार फक्त वैजनाथरावांना आहे असं नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी पलीकडून नोटीस ऐकू आली. लगतच्या खातेदारांनी हजर राहावं. मग थोडी शांतता, आणि पेटीची घरघर. मला संशय आला. जागा नव्हती, तर गटवारी लागली कशी? यांनी नवीन डिस्क आणली की शुभाचं फोल्डर पुसलं? विचारावं असं वाटलं, पण ते विचारायचं धाडस झालं नाही.

मग एक दिवस वहिनींचा आवाज गच्चीवरून नेहमीपेक्षा मोठा आला. मुलीशी त्या गच्चीवर जाऊनच बोलतात. वैजनाथराव खाली ओट्यावर बसून कान देतात आणि ऐकत नसल्याचं दाखवतात. वहिनी म्हणत होत्या, "परभणीत आलं का सेंटर? बरं झालं की. हां. हां. लॉज? मला कुठलं माहीत असणार लॉजचं? विचारून सांगते." नातीची, म्हणजे शुभाच्या मुलीची, प्रवेश परीक्षा होती. केंद्र परभणीत आलं होतं, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला यायचं होतं. आणि शुभा आपल्या आईला विचारत होती, परभणीत बरा लॉज कोणता.

मी भिंतीवरून बघितलं. वैजनाथराव ओट्यावर होते तसेच बसले होते. फक्त हातातला पेपर त्यांनी उलटा धरला होता.

परीक्षेच्या दोन दिवस आधी सकाळी त्यांच्या घरातून काहीतरी ओढल्याचे आवाज यायला लागले. मग हाक आली, "मास्तर, जरा हात लावा."

मी गेलो तर त्या बंद खोलीची खिडकी सताड उघडी होती. कपाट, ट्रंक, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटरचं टेबल हे सगळं उत्तरेच्या भिंतीला एकाला एक चिकटवून लावलेलं. मध्ये बोट शिरणार नाही. बाकीची खोली रिकामी, धुतलेली, फरशी अजून ओली. राहिली होती फक्त बाज. वैजनाथराव गुडघ्यावर बसून टेप लावत होते.

"दोन गाद्या बसतेत," ते म्हणाले. "तिसरी बी बसते."

"तिसरी कोणासाठी?"

ते टेपवरचा आकडा बघत राहिले. "कोणी सोबत आलं, तर त्याला काय दारात उभं करायचं?"

आम्ही दोघांनी बाज उचलून बाहेर ओट्यावर नेली आणि परत खोलीत आलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "इतकी वर्षं सांगायले, तिथून उठा, आत झोपा," त्या मला म्हणाल्या, "तर जागचे हलले न्हाईत."

"आता हललो की," वैजनाथराव म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी बघितलं आणि या वेळी त्या गच्चीकडे गेल्या नाहीत. त्यांनी फोन तसाच नवऱ्यापुढे धरला. "शुभा हाय. लॉजचं विचारायलीय."

वैजनाथरावांनी ओला हात सदऱ्याला पुसला, फोन घेतला, ताठ उभे राहिले आणि खाकरले. मला वाटलं, आता आज रोजी मोजणी लावण्यात येत आहे.

"लॉज कामून?" ते म्हणाले. "जागा हाय."

पलीकडून बहुधा 'काय?' असं आलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, "हाय, हाय. मोजली मी. सलग हाय."

एवढं बोलून त्यांनी फोन वहिनींच्या हातात कोंबला आणि खाली बसून टेप गुंडाळायला लागले. टेप आधीच गुंडाळलेला होता.

वहिनी फोन घेऊन आत गेल्या. मी मनात राहिलेलं विचारून टाकलं. "वैजनाथराव, डिस्कवर जागा कुठून काढली हो?"

"पश्चिम पुसलं," ते म्हणाले. "बाकीच्या तिन्ही बाजू बी पुसल्या. पण तुमचंच लय मोठं होतं."

"म्हणजे पुरावा गेला."

"गेला." त्यांनी उघड्या खिडकीतून माझ्या भिंतीकडे एकदा नीट बघितलं. "भिंत आमच्याकडं सरकलीय, मास्तर. वीतभर. हे मी अजून म्हणायलोय. फक्त आता सिद्ध करता येणार न्हाई."

मग ते बाहेर गेले आणि बाजेवर जाऊन बसले, स्टेशनाकडे तोंड करून. नांदेडची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.